लिथियमची मात्रा कितपत लागू पडेल?

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१७ साली एक भलामोठा हिशेब मांडला. एकीकडे डिमेन्शियाचे निदान झालेले ७३,७३१ रुग्ण, दुसरीकडे तसे निदान नसलेली ७,३३,६५३ माणसे, आणि या सगळ्यांच्या घरी वर्षानुवर्षे नळाला येणाऱ्या पाण्यात लिथियम किती, याची मोजदाद. डेन्मार्क पाणी पितो ते जवळजवळ सगळे जमिनीखालचे. त्यामुळे खडक बदलला की लिथियमचे प्रमाण बदलते, लिटरमागे ०.६ मायक्रोग्रॅमपासून थेट ३०.७ पर्यंत. ज्यांच्या पाण्यात ते १५ मायक्रोग्रॅमहून जास्त होते त्यांच्यात डिमेन्शियाचे प्रमाण २ ते ५ मायक्रोग्रॅमवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी निघाले. आता अमेरिकेकडे पाहू. तिथली भूगर्भ सर्वेक्षण संस्था भूजलातल्या निरनिराळ्या घटकांसाठी सावधगिरीची एक रेषा आखून ठेवते. प्रमाण त्या रेषेवर गेले की पाणी विषारी ठरते असे नाही, पण चौकशी करावी असे ठरते. लिथियमसाठी ही रेषा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या पाण्याने म्हाताऱ्यांचे मेंदू राखले असे डेन्मार्कच्या आकड्यांवरून वाटते, तेच पाणी अमेरिकेत चौकशीच्या यादीत जाऊन बसेल. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ आपापल्या जागी शहाणेच आहेत. घोळ आहे तो मात्रेचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या ब्रूस यँकनर यांच्या गटाचा शोधनिबंध आला आणि हा घोळ प्रयोगशाळेतून घराघरांत पोचला. तोवर लिथियम लोकांना दोनच ठिकाणी भेटायचे, मोबाइलच्या बॅटरीत आणि बायपोलर आजाराच्या गोळीत. जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन साठ्याचा अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला तेव्हाही आपल्याकडे बोलणे झाले ते बॅटरीचेच. आता त्याची तिसरी ओळख करून दिली जात आहे : थोड्या मात्रेत घेतले तर म्हातारपण निरोगी ठेवणारे, विस्मरण लांबवणारे, कदाचित आयुष्य वाढवणारे मूलद्रव्य. या दाव्यामागे पुरावा नाही असे मुळीच नाही. पुरावा भरपूर आहे, आणि त्यातला काही फार देखणा आहे. अडचण अशी की तो तीन वेगवेगळ्या मात्रांचा पुरावा आहे आणि सांगताना तो एकाच मात्रेच्या नावावर जमा केला जातो. पाण्यातल्या लिथियमचे पुण्य गोळीच्या पदरात पडते आणि गोळीची ताकद पाण्याला चिकटवली जाते. हा जमाखर्च वेगळा केला तर जे उरते ते गोळी सुरू करायला अपुरे आहे. मात्र सरकारी पैशाने मोठी चाचणी घ्यायला ते पुरेसे आहे, किंबहुना तशी चाचणी आजवर का झाली नाही असा जाब विचारण्याइतके आहे.

आधी तो जमाखर्च. लिटरला १५ मायक्रोग्रॅमवाले पाणी दिवसाला दोन लिटर प्यायले तर पोटात ३० मायक्रोग्रॅम लिथियम जाते. ही झाली पहिली मात्रा. अमेरिकेत लिथियम ओरोटेट नावाचे संयुग पूरक आहार म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. त्याच्या नेहमीच्या गोळीत ५ मिलिग्रॅम लिथियम असते, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. ही दुसरी मात्रा. तिसरी मानसोपचारातली. लिथियम कार्बोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत निव्वळ लिथियम असते सुमारे ५६ मिलिग्रॅम, आणि बायपोलरच्या रुग्णाला अशा तीन-चार गोळ्या रोज लागू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ जिला ‘कमी मात्रा’ म्हणतात ती साधारण अर्ध्या ते एका गोळीची. डेन्मार्कच्या त्या पाण्याशी ताडून पाहिले तर एका गोळीत पाच वर्षांचे पाणी मावते. एकाच दिवसात पाच वर्षांचे पाणी प्यायल्यावर जे होईल ते रोज दोन लिटर प्यायल्याने होईलच, किंवा उलट, असे कोणत्याही अन्य औषधाबद्दल कोणी म्हटले असते तर त्याला आपण वेड्यात काढले असते.

लिथियमच्या बाबतीत ही ढिलाई जुनीच आहे. १८१७ साली स्वीडनच्या योहान आर्फवेडसन यांनी पेटॅलाइट या खनिजात ते शोधले. एकोणिसाव्या शतकात त्याचे क्षार युरिक आम्ल विरघळवतात म्हणून संधिवातावर दिले जाऊ लागले आणि लिथियमयुक्त झऱ्यांचे पाणी बाटल्यांतून विकले जाऊ लागले. आज सेव्हन-अप म्हणून मिळणारे पेय १९२९ साली अमेरिकेत बाजारात आले तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होते आणि ते नावातही मिरवले जात होते. मग आले १९४९ साल. त्या वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला मिळत होते, कारण मीठ वर्ज्य आणि चव मात्र हवी. काही रुग्ण दगावले, अनेकांना विषबाधा झाली आणि ते ‘मीठ’ बाजारातून काढून घ्यावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयातले डॉक्टर जॉन केड यांचा छोटासा लेख ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जपान्यांच्या कैदेत सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून जास्त काळ काढून परतलेला हा माणूस रुग्णालयाच्या वापरात नसलेल्या कोठीघरात गिनीपिगांवर प्रयोग करत होता. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असावे असा त्याचा कयास होता, आणि तो कयास चुकीचा होता. युरिक आम्ल विरघळावे म्हणून वापरलेल्या लिथियमच्या क्षाराने गिनीपिग सुस्त पडले, तेही बहुधा मात्रा जास्त झाल्यामुळे. पण त्या धाग्यावरून त्याने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले आणि मानसोपचाराचा इतिहास बदलला. त्याचा पहिला रुग्ण, वर्षानुवर्षे आवरता न येणारा माणूस, काही महिन्यांत बरा होऊन कामावर गेला आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने वारला. रक्तातली पातळी मोजण्याची सोय तेव्हा केडकडे नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाला परवानगी दिली ती १९७० साली. दरम्यानच्या वीस वर्षांत डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी ते रीतसर चाचण्यांत तपासले आणि रक्तातली पातळी मोजत मोजत देण्याची शिस्त रुळली.

ही शिस्त का लागते हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिथियमची शरीरात मोडतोड होत नाही, यकृताचा त्याच्याशी संबंध नाही. जसे आत जाते तसे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाला मात्र ते सोडियमसारखे भासते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याच्या जोडीने लिथियमही. १९४९ चे ते हृदयरोगी नेमके याच सापळ्यात सापडले, मीठ सोडले होते म्हणूनच त्यांचे लिथियम साठत गेले. उपचारासाठी रक्तात लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल पातळी ठेवतात आणि दीडच्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. औषध आणि विष यांच्यात एवढेच अंतर. आता साठी ओलांडलेल्या मराठी माणसाचे औषधांचे खोके डोळ्यांसमोर आणा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, बरेचदा त्याच गोळीत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक, वर डॉक्टरांनी सांगितलेले कमी मिठाचे जेवण. यातली प्रत्येक गोष्ट रक्तातले लिथियम वाढवू शकते. त्यात वैशाखातला विदर्भ, एखादी निर्जळी एकादशी किंवा दोन दिवसांचे जुलाब यांची भर घाला. वयानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटतच असते. ज्यांचे म्हातारपण सुखाचे व्हावे म्हणून हे औषध द्यायचे, त्यांनाच ते सर्वांत जपून द्यावे लागते. हे सारे तिसऱ्या मात्रेबद्दल. पाण्यातल्या ३० मायक्रोग्रॅमना यातले काहीही लागू होत नाही, आणि तो फरक विसरणेही अन्यायाचे होईल.

आता यँकनर यांच्या कामाकडे येऊ, कारण सध्याची सगळी उत्सुकता त्यावर उभी आहे. शिकागोच्या रश विद्यापीठाचा एक दीर्घकालीन प्रकल्प आहे. त्यात वृद्ध माणसे जिवंतपणी दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या देतात आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देतात. अशा मेंदूंत २७ धातूंचे प्रमाण मोजले गेले. विस्मरणाची नुकती सुरुवात झालेल्या माणसांच्या कपाळामागच्या भागात एकाच धातूचे प्रमाण स्पष्टपणे घटलेले आढळले, लिथियमचे. दुसरीकडच्या मेंदूसंग्रहांतही तसेच दिसले. मग कारण शोधले गेले. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अ‍ॅमिलॉइडचे थर साचतात ते लिथियमला ओढून धरतात आणि आसपासच्या पेशींना ते मिळेनासे होते. पुढची पायरी उंदरांची. खाद्यातले लिथियम ९२ टक्क्यांनी कमी केले तेव्हा मेंदूतले लिथियम निम्म्यावर आले. अशा उंदरांत अ‍ॅमिलॉइड वाढले, टाऊ प्रथिनाची गुंतवळ वाढली, दाह वाढला, स्मरण घटले. म्हणजे लिथियमची तूट हा आजाराचा परिणाम तर आहेच, पण कारणांपैकीही एक असू शकेल असे सुचवणारा हा भाग आहे, आणि तोच नवा आहे. शेवटी त्यांनी असा क्षार हुडकला जो अ‍ॅमिलॉइडच्या तावडीत कमी सापडतो. तोच लिथियम ओरोटेट. पाण्यातून लिटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅम लिथियम मिळेल एवढ्या मात्रेत तो दिला तर उंदरांचे स्मरण टिकले, गेलेले परतले. त्याच मात्रेतल्या कार्बोनेटने ते साधले नाही.

उंदरांना दिलेले हे प्रमाण डेन्मार्कच्या सर्वांत लिथियमयुक्त नळाच्या पाण्याइतके आहे, हे लक्षात आले की हुरळून जायला होते. वजनाच्या मानाने उंदीर माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो, तेव्हा ही बरोबरी शब्दशः घेऊ नये. तरीही पहिली मात्रा आणि मेंदू यांच्यात काही दुवा असू शकतो हे यातून प्रथमच ठोसपणे पुढे आले. आणि नेमकी इथेच गफलत होते. या निबंधाच्या बातम्या वाचून ज्यांनी ओरोटेटच्या गोळ्या मागवल्या असतील त्यांनी मागवली ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे दुसरी मात्रा. तिच्यावर ना यँकनर यांचे उंदीर साक्ष देतात ना डेन्मार्कचे नळ. ओरोटेटबद्दल एक जुनी नोंद सहसा सांगितली जात नाही. १९७९ साली स्मिथ आणि शाऊ (होय, तेच डेन्मार्कचे शाऊ) यांनी उंदरांना ओरोटेट आणि कार्बोनेट टोचून तुलना केली. ओरोटेटवाल्यांत मूत्रपिंडांचे काम जास्त मंदावलेले दिसले आणि माणसांत त्याचा वापर करू नये असे त्यांचे मत पडले. त्यांची मात्रा मोठी होती, त्यामुळे आजच्या सूक्ष्म मात्रेला ते मत जसेच्या तसे लावता येणार नाही. पण मग तोच न्याय उलट बाजूलाही हवा.

लिथियम पेशीत करते तरी काय, याचे सर्वमान्य उत्तर १९९६ मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी दिले : ते जीएसके-३ नावाच्या विकराला आवर घालते. हे विकर टाऊ प्रथिनावर फॉस्फेट चढवते, दाहाला हातभार लावते, पेशींच्या दुरुस्तीत खोडा घालते. वार्धक्याच्या बहुतेक वाटांवर ते कुठे ना कुठे उभेच असते. शिवाय पेशीतला कचरा उपसण्याची क्रियाही लिथियमने वाढते, तीही वेगळ्या वाटेने. ऐकायला हे फार नीटनेटके वाटते. पण परीक्षानळीत ते विकर आवरायला लिथियम लागते ते मिलिमोलच्या घरात, म्हणजे मानसोपचाराच्या मात्रेच्या आसपास किंवा तिच्याही वर. पाण्यातून मिळणारे लिथियम त्याच्या सहस्रांशही नसते. मग एवढेसे लिथियम तेच विकर आवरते कसे? या कोड्याचे समाधानकारक उत्तर अजून हाती नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हीच विसंगती डोकावते. सी. एलिगन्स या मिलिमीटरभर कृमीचे आयुष्य लिथियमने वाढते असे २००८ मध्ये मॅककॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मध्यक आयुर्मानात ४६ टक्क्यांची वाढ, पण मात्रा १० मिलिमोल. २०११ मध्ये मिखाएल रिस्टो यांच्या गटाने त्याच कृमीचे आयुष्य वाढवून दाखवले १० मायक्रोमोलने, हजारपट कमी मात्रेने. २०१६ मध्ये फळमाश्यांवर लंडनमध्ये झालेल्या कामात लहान मात्रांनी आयुष्य वाढले आणि मोठ्यांनी घटले. उंदरांची पाळी आली तेव्हा मात्र हात आखडता घ्यावा लागला. २०२१ च्या अभ्यासात लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने निष्कर्ष दिला की उतारवयातले आरोग्य किंचित सुधारते, आयुष्य वाढत नाही. कृमी, माशी, उंदीर या क्रमाने फायदा आटत जातो, आणि या क्रमात माणूस उंदराच्या पुढे येतो.

माणसांतला भक्कम पुरावा आहे तो तिसऱ्या मात्रेचा. केंब्रिजशायरच्या मानसिक आरोग्य सेवेतल्या पन्नाशीपुढच्या २९,६१८ रुग्णांच्या नोंदी २०२२ मध्ये तपासल्या गेल्या. त्यांतल्या ५४८ जणांना कधी ना कधी लिथियम मिळाले होते. त्यांच्यातल्या ९.७ टक्के लोकांना पुढे डिमेन्शिया झाला, इतरांत ११.२ टक्के. वय, इतर आजार वगैरे जमेस धरल्यावर फरक आणखी रुंदावला, धोका जवळपास निम्म्यावर. या अभ्यासाला मी इतर अभ्यासांपेक्षा जास्त वजन देतो, कारण बायपोलर आजारामुळे डिमेन्शियाचा धोका मुळात वाढतो. म्हणजे लिथियमवाले आधीच उतारावर उभे होते, तरी मागे राहिले नाहीत. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. लिथियम वर्षानुवर्षे कोणाला चालू राहते? ज्याचे मूत्रपिंड शाबूत आहे, जो गोळी चुकवत नाही, ज्याचे क्रिएटिनिन आणि थायरॉइड दर काही महिन्यांनी तपासले जाते त्यालाच. ज्याला सोसले नाही त्याचे औषध बदलले जाते आणि तो ‘इतरां’त मोजला जातो. अशी चाळणी लागलेली माणसे तशीही अधिक जगतात. ब्रिटनच्या बायोबँकेच्या नोंदींवरून लिथियम घेणारे जास्त जगतात असे जे सांगितले जाते, त्यालाही हीच शंका लागू आहे.

पाण्याच्या पुराव्यावरची शंका याहून टोकदार आहे. जपानच्या ओइता प्रांतातल्या १८ नगरपालिकांत पाण्यातले लिथियम आणि आत्महत्या यांचा व्यस्त संबंध २००९ मध्ये दाखवला गेला, टेक्ससच्या २७ काउंटींत त्याआधी १९९० मध्ये, ऑस्ट्रियात २०११ मध्ये. ओइताच्याच १८ नगरपालिकांत एकूण मृत्युदरही लिथियमबरोबर घटतो असे रिस्टो यांच्या गटाने म्हटले. पण १८ ठिकाणांचा आलेख म्हणजे १८ ठिपके. कोणत्या गावात तरुण जास्त, कुठे दवाखाना जवळ, कुठे मासळी जास्त खाल्ली जाते, यांतल्या कशानेही ते ठिपके तिरप्या रेषेत येऊ शकतात. अमेरिकेत भूजलातले लिथियम आणि डिमेन्शिया यांचा संबंध तपासला तेव्हा लोकसंख्येची रचना आणि वैद्यकीय सोयी जमेस धरताच तो नाहीसा झाला. डेन्मार्कच्या आकड्यांतही एक नकोसा उंचवटा आहे, ज्याचा उल्लेख बातम्यांत येत नाही : ५ ते १० मायक्रोग्रॅमवाल्यांत डिमेन्शिया २ ते ५ वाल्यांपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त होता. थोडे लिथियम अपायकारक, मग निरुपद्रवी, मग हितकारक, असा कोणता जैविक नियम असेल? आणि अन्नाचा विचार केला तर प्रश्न आणखी बिकट होतो. धान्ये आणि भाज्यांतूनही लिथियम मिळते. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा जुना अंदाज प्रौढ माणसामागे दिवसाला ६५० ते ३,१०० मायक्रोग्रॅमचा आहे, इतरत्र तो याहून कितीतरी कमी निघाला आहे. पहिला अंदाज खरा असेल तर नळाच्या ३० मायक्रोग्रॅमना विचारतो कोण?

‘निसर्गात आहेच ना, मग थोडे जास्त गेले तर काय बिघडते,’ हा युक्तिवाद कानावर येतोच. अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातल्या सान अंतोनियो दे लोस कोब्रेस या गावाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिथल्या नळाच्या पाण्यात लिटरला सुमारे १,००० मायक्रोग्रॅम लिथियम असते, तेही निसर्गदत्त. स्वीडिश संशोधकांना तिथल्या स्त्रियांत लिथियम जितके जास्त तितके थायरॉइडचे काम मंद असे आढळले, आणि गरोदरपणी लिथियम जास्त असलेल्या मातांची बाळे किंचित लहान. डेन्मार्कमध्येच २०२३ साली गर्भवतींच्या पाण्यातले लिथियम आणि मुलांतले ऑटिझम यांचा ताळा घेतला, तर वरच्या चौथाईत धोका खालच्या चौथाईपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त दिसला. हाही नुसता सहसंबंधच, आणि वर काढलेल्या सगळ्या शंका त्यालाही लागू. पण आजोबांच्या डिमेन्शियासाठी जे पाणी गुणकारी म्हणून उचलून धरायचे, तेच सुनेच्या बाबतीत गैरसोयीचे म्हणून बाजूला ठेवायचे, हे चालणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या गावांना हा धडा नवा नाही. फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांना बळ देते, आणि तेच बोअरवेलच्या पाण्यातून जास्त गेले की दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. फ्लोराइडला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादा तरी आहे. लिथियमचे त्यात नावही नाही.

खरा निवाडा चाचणीचा असतो : चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी. लिथियमच्या अशा चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि छोट्या. जर्मनीत २००९ मध्ये सौम्य अल्झायमरच्या ७१ रुग्णांना दहा आठवडे लिथियम दिले, फरक पडला नाही. दहा आठवड्यांत पडायचा तरी कसा, हा प्रश्न रास्त आहे. साओ पावलोच्या ओरेस्तेस फॉर्लेन्सा यांनी विस्मरणाची सुरुवात झालेल्या ४५ जणांवर वर्षभराची चाचणी केली आणि रक्तातली पातळी मुद्दाम कमी, ०.२५ ते ०.५ मिलिमोल, ठेवली. मेरुद्रवातले फॉस्फेट चढलेले टाऊ घटले, पण अल्झायमरकडे कमी लोक वळले असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. ब्राझीलमध्येच २०१३ साली दिवसाला अवघे ३०० मायक्रोग्रॅम देऊन पंधरा महिने रुग्ण पाहिले, त्यांची घसरण थांबली असे नोंदले गेले. हा निष्कर्ष खरा असेल तर क्रांतिकारक आहे, आणि म्हणूनच मोठ्या संख्येवर पुन्हा तपासायला हवा होता. पिट्सबर्ग विद्यापीठाने सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांवर दोन वर्षांची चाचणी हाती घेतली, तीही काही डझन माणसांचीच. आणि निरोगी माणसांवर? साठीच्या धडधाकट लोकांना सूक्ष्म मात्रा देऊन दहा वर्षे पाहणारी एकही चाचणी झालेली नाही. निरोगी म्हातारपणाचा सगळा दावा या रिकाम्या जागेवर उभा आहे.

चाचणीची वाट न पाहणाऱ्यांचा आक्षेप मला कळतो. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षे थांबायला सांगणे म्हणजे त्याला नाही म्हणणेच आहे. धोका इतका थोडा आणि फायदा इतका मोठा असेल तर पैज का लावू नये? मात्र ही पैज याआधी लावून झाली आहे. फळे-भाज्या खाणाऱ्यांना आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे निरीक्षणांतून पक्के वाटत होते. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांना प्रत्यक्ष चाचणीत घेतले, तेव्हा १९९४ साली उघड झाले की बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग वाढला होता. खुद्द लिथियमचेच उदाहरण हवे असेल तर आत्महत्या रोखण्याचे घ्या. दशकांच्या निरीक्षणांनी तो गुण जवळपास सिद्ध मानला होता. अमेरिकेत ५१९ माजी सैनिकांवर चाचणी झाली, नेहमीच्या उपचारांत लिथियमची भर घातली, आणि फरक दिसत नाही म्हणून ती मुदतीआधी थांबवावी लागली. त्यामुळे लिथियम निरुपयोगी ठरत नाही. चांगले दिसणारे निरीक्षण आणि चाचणीचा निकाल यांच्यात केवढी दरी पडू शकते ते मात्र कळते.

‘पेटंट नाही म्हणून कंपन्या चाचणी करत नाहीत’ ही तक्रार खरी आहे. मूलद्रव्यावर कोणाची मालकी नसते, आणि आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात लिथियम कार्बोनेटची गोळी इतकी स्वस्त आहे की तिच्यातून कोणाचे घर चालत नाही. पण या तक्रारीतून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून आपण होऊन घ्या’ असा नाही. कंपनी करणार नाही ते सरकारने करावे, असा आहे. आणि इथे भारताचा संबंध थेट येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. अ‍ॅमिलॉइड उपसणारी नवी इंजेक्शने इतकी महाग आहेत आणि त्यांच्यासाठी इतके स्कॅन लागतात की ती जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायची नाहीत. गुण आलाच तर पोचेल ते लिथियम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने काही हजार ज्येष्ठांवर तीन मात्रांची तुलना करणारी, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर नजर ठेवणारी, पाच-सात वर्षांची चाचणी आखली तर तिचा मुख्य खर्च तपासण्यांचा आणि माणसांचा असेल, औषधाचा नगण्य. त्याआधीचे काम याहूनही सोपे आहे : भूजल तपासणीच्या यादीत लिथियमची एक ओळ वाढवणे. कोणत्या तालुक्यात लोक किती लिथियम पितात हे कळले तर डेन्मार्कच्या हिशेबाचा पडताळा इथल्याच माणसांवर घेता येईल.

माझा निवाडा असा. पाण्यातल्या सूक्ष्म लिथियमची मेंदूला गरज असावी, हा अंदाज आता हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. पाच मिलिग्रॅमच्या गोळीने निरोगी माणसाचे म्हातारपण सुधारते, याला आज आधार नाही. आणि कार्बोनेटची अर्धी गोळी ‘मेंदूसाठी’ म्हणून रक्ततपासणीशिवाय घेणे हा ज्येष्ठ माणसाच्या मूत्रपिंडांशी केलेला जुगार आहे. वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची ती वेगळीच. घरात कोणाला बायपोलर आजारासाठी लिथियम चालू असेल आणि ‘कमी मात्राच चांगली’ असे कुठे वाचून ती गोळी कमी करण्याचा किंवा सोडण्याचा विचार मनात आला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. लिथियम अचानक बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो.